एक्केचाळिसावं व्हर्जन

१

शनिवारी सकाळी साडेनऊला प्रज्ञा साळवे ऑफिसात शिरली तेव्हा तिच्या टेबलावर तिच्या नावाचा माफीनामा टाईप होऊन तयार होता. फक्त सही व्हायची राहिली होती.

"भुईकाट्याच्या प्रोग्रॅममध्ये बदल मी केला. तो माझ्या निष्काळजीपणामुळे झाला. कंपनीचा त्याच्याशी संबंध नाही." एवढाच मजकूर. खाली तारीख, ५ डिसेंबर १९९८.

नगरच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडच्या वरच्या मजल्यावर 'अचूक सिस्टिम्स' होती. माणसं चार, कॉम्प्युटर पाच. साखर कारखान्यांच्या भुईकाट्यावर उसाच्या गाड्यांचं वजन घेणारा प्रोग्रॅम ही मंडळी लिहीत, आणि कालपर्यंत त्यांच्या नावाला कुणी बोट लावलं नव्हतं.

"सर, हे काय आहे?" प्रज्ञानं विचारलं.

मालक चेतन सरांनी तिच्याकडे न बघता स्क्रीनकडे बोट दाखवलं. "तूच वाच. 'काटा' फाईलचं शेवटचं व्हर्जन. एक्केचाळिसावं. त्यात सात ओळी अशा आहेत की बैलगाडीचं वजन शंभराला दीड किलो कमी दिसतं. चाळिसाव्यात त्या नाहीत. आणि एक्केचाळिसावं कोणाचं आहे?"

स्क्रीनवर लिहिलं होतं: प्रज्ञा, १४ नोव्हेंबर.

ते तिचंच होतं. पावतीवरचा 'हंगाम ९७-९८' बदलून तिनं '९८-९९' केला होता. दोन अंकांचं काम, पाच मिनिटांत झालेलं. त्या सात ओळी तिनं आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

"सर, मी हे लिहिलेलं नाही."

"मग भुतानं लिहिलं? वजनमापे निरीक्षक अकराला येतायत. तोवर सही कर. चूक म्हणून निभावून नेऊ. नाहीतर फसवणूक म्हणून पोलिसात जाईल." चेतन सरांनी जिन्यावरचं शटर खाली ओढून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "निकाल लागेपर्यंत कुणी बाहेर जायचं नाही. आणि प्रज्ञा, कीबोर्डला हात लावायचा नाहीस."

चारला माळीवाड्याच्या स्टँडवर तिची आई, भीमाबाई, भाकरीचं गाठोडं घेऊन उभी राहणार होती. उद्या सहा डिसेंबर. दरवर्षी मायलेकी चैत्यभूमीला जात. यंदा आई एकटीच उभी राहील आणि पोरगी पोलीस चौकीत, असं चित्र प्रज्ञाच्या डोळ्यांपुढे आलं.

२

निरीक्षक बिभीषण गर्जे मूळचे पाथर्डीकडचे. सावळे, आडव्या अंगाचे, सफारीच्या खिशाला दोन पेनं. ते वर आले, त्यांच्यामागे शटर पुन्हा खाली आलं, आणि त्यांनी त्या शटरकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मला कॉम्प्युटरमधलं शष्प कळत नाही," खुर्चीत बसता बसता त्यांनी सांगून टाकलं. "वजन कळतं. तेव्हा मला समजेल असं बोला."

सीमाताईंनी चहा आणला. सीमा वाकळे ही ऑफिसातली सगळ्यात जुनी प्रोग्रॅमर. चार कप दुधाचे, आणि एक कोरा, बिनसाखरेचा, तो त्यांनी गर्जेसाहेबांपुढे ठेवला. इतक्या धांदलीतही ताईंना प्रत्येकाचं बरोबर सुचतं, असं प्रज्ञाच्या मनात आलं. गर्ज्यांनी कप उचलला, सीमाताईंकडे एकदा पाहिलं आणि न बोलता घोट घेतला.

मग त्यांनी हकिगत सांगितली. कानिफनाथ नावाच्या मुकादमाला कारखान्याच्या काट्याचा संशय आला. त्यानं उसानं भरलेली बैलगाडी आधी राहात्याच्या खाजगी काट्यावर चढवली आणि तीच तशीच कारखान्यावर नेली. पंचेचाळीस किलोंचा फरक पडला.

"मी तपासायला गेलो. आमची पद्धत अशी, की खात्याची व्हॅन वजनांनी भरलेली असते. तिचं नेमकं वजन आम्हाला ठाऊक असतं. ती काट्यावर घातली. किलोला किलो बरोबर! मग मी दोन बैलगाड्या घातल्या, त्या दोन्ही कमी भरल्या. काटा तोच, दिवस तोच. म्हणजे लोखंडात खोट नव्हती, खोट तुमच्या या डब्यात होती."

"साहेब, माणूस सापडलाय, आमच्या लायब्ररीत नावासकट नोंद आहे," चेतन सरांनी माफीनामा पुढे सरकवला. "सहीच बाकी आहे."

गर्ज्यांनी कागद वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या कपाखाली ठेवला.

"घाई कसली? पोरी, सही करण्याआधी मला एक सांग. तू हे केलं असतंस, तर तिथं स्वतःचं नाव का ठेवलं असतंस?"

प्रज्ञानं पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. तिचं नाव तिथं का आहे, हे तिलाच कळत नव्हतं.

३

"ही तुमची लायब्ररी म्हणजे काय ते सांग," गर्जे तिला म्हणाले.

प्रज्ञानं सांगितलं. सगळ्या प्रोग्रॅमच्या फायली एका सर्व्हरवर राहत. फाईल घ्यायची, बदल करायचा, परत जमा करायची. जुनी प्रत पुसली जात नसे, तिच्यावर नवी चढे, आणि कोणी कधी केली ते सोबत नोंदलं जाई. त्यालाच सगळे लायब्ररी म्हणत. जुना सर्व्हर थकला होता, दोन हजार साल त्याला पेलणार नाही असंही कुणी सांगितलं, म्हणून नवा आणला. दोघांची भाषा जुळेना. मग बारा ते चौदा नोव्हेंबर, तीन दिवस, प्रज्ञानं एकेक फाईल, एकेक व्हर्जन जुन्यातून काढून नव्यात ठेवलं, आणि शेजारी मूळ माणसाचं नाव व तारीख हातानं टाईप केली.

"आणि जुना सर्व्हर?"

"पुसून टाकला," चेतन सर म्हणाले. "सीमाताईंनीच आठवण करून दिली, जागा अडवून बसलाय म्हणून. त्याची डिस्क आता संदीपच्या मशिनला आहे."

संदीप हा कारखान्या-कारखान्यांत फिरून प्रोग्रॅम बसवणारा गडी. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"सायेब, मला प्रोग्रॅम लिव्हता येत न्हाई. अठरा तारखेला सांजच्याला लायब्ररीतनं फ्लॉपी भरून घेतली, एकोणीसला कारखान्यात बसवली. आत काय हाय, मला काय ठाव?"

गर्ज्यांनी बॅगेतून एक कागद काढला. "सतरा तारखेला मी तिथला काटा तपासला होता, हंगामाच्या सुरुवातीचा. कंपनीतर्फे हजर म्हणून सही तुझी आहे. बघ."

संदीपनं सही ओळखली आणि मान खाली घातली. "सही माझीच हाय सायेब. पर मी तिथं न्हवतो."

४

खोलीत सगळेच एकदम बोलायला लागले. गर्ज्यांनी हात वर केला.

"नंतर. आधी हे संपू दे." प्रज्ञाकडे वळून त्यांनी विचारलं, "तीन दिवसांत शेकडो फायली हलवल्यास. काही सुटलं नाही हे कशावरून?"

"वही आहे साहेब."

शंभर पानी वही तिच्या खणात होती. चेतन सरांनी ती सकाळीच चाळली होती आणि ती प्रज्ञाच्याच अंगावर उलटली होती. 'काटा' पुढे व्हर्जनं ४१, आणि सर्व्हरवरही ४१. म्हणजे नंतर काहीच चढलेलं नाही. जे आहे ते प्रज्ञानंच ठेवलेलं.

गर्ज्यांनी वही घेतली. त्यांचं आयुष्य नोंदवह्यांत गेलं होतं. ते रकाने बोटानं मोजत गेले.

"पहिला रकाना फाईलचं नाव. दुसरा व्हर्जनं. आणि हा तिसरा?"

"शेवटच्या व्हर्जनच्या ओळी. फाईल अर्धवट तर उतरली नाही ना, ते कळावं म्हणून..." प्रज्ञा बोलता बोलता थांबली. सकाळपासून भीतीनं तिची मती इतकी गुंग झाली होती की स्वतःचाच तिसरा रकाना तिच्या ध्यानात आला नव्हता.

"'काटा' पुढे काय लिहिलंयस?"

"सहाशे बारा."

"आणि डब्यात आता किती आहेत?"

चेतन सरांनी कॉम्प्युटरला ओळी मोजायची आज्ञा दिली. आकडा उमटला. ६१९.

सात ओळी जास्त. नेमक्या सात.

"वही तिचीच आहे साहेब," चेतन सर म्हणाले, पण आवाजातला जोर गेला होता. "ती काहीही लिहील."

"ती लिहील हो. पण शेजारी ही बारकी सही दुसऱ्या कोणाची आहे. प्रत्येक पानावर, प्रत्येक ओळीला. सी. वा." गर्ज्यांनी वही सगळ्यांना दिसेल अशी धरली. "सीमाताई, या तुमच्याच ना?"

"हो," सीमाताई म्हणाल्या. "ती वाचायची, मी स्क्रीनवर पडताळायचे. अशीच पद्धत आहे आमची."

"म्हणजे चौदा तारखेला सहाशे बारा ओळी होत्या, हे तुम्ही स्वतः पाहिलंत."

सीमाताईंनी होय म्हटलं. नाही म्हणायची सोयच नव्हती.

प्रज्ञाला हायसं वाटलं, पण ते घटकाभरच टिकलं. चेतन सर लगेच उसळले. "मग तर आणखीच वाईट! पहिलं एक्केचाळीस काढून तिथं दुसरं बसवलंय, तारीख मागची घालून. तसं करायला मास्टर पासवर्ड लागतो. तो प्रज्ञानं ठरवला, पाकिटात बंद करून माझ्याकडे दिला. मी लाखेनं मोहोर केली." त्यांनी कपाट उघडून पाकीट आणलं. मोहोर शाबूत होती. "मला तो माहीत नाही. संदीपला नाही. तो फक्त हिच्या डोक्यात आहे!"

मोहोरा तपासण्यात गर्ज्यांची हयात गेलेली. त्यांनी पाकीट उजेडात धरून फिरवलं आणि खाली ठेवलं.

"मोहोर खरी आहे," ते म्हणाले.

५

दोन वाजून गेले. जेवणाचे डबे कुणी उघडले नाहीत. पत्र्याच्या शेडवर उन्हं तापली होती आणि पंख्याचा वारा नुसता गरम हवा ढवळत होता. प्रज्ञाला शटरच्या फटीतून खालचा रस्ता दिसत होता, रिक्षा जाताना दिसत होत्या.

"त्या सात ओळी मला मराठीत सांग," गर्जे तिला म्हणाले. "कीबोर्डला हात न लावता, लांबून वाच."

प्रज्ञानं वाचलं. "वजन दोन हजार ते साडेचार हजार किलोंच्या मध्ये असेल, तर शंभराला दीड किलो कमी दाखव. पण ते तीन हजार चारशे चाळीस ते तीन हजार चारशे ऐंशीच्या मध्ये असेल, तर हात लावू नकोस."

"पुन्हा वाच. शेवटचं."

तिनं पुन्हा वाचलं.

गर्ज्यांनी खिशातली डायरी काढून पहिलं पान चेतन सरांपुढे धरलं. त्यावर एकच आकडा होता. ३४६२.

"ही माझी व्हॅन. वजनांसकट. म्हणून ती बरोबर भरली आणि बैलगाड्या कमी भरल्या. चोरानं माझ्यापुरती खिडकी ठेवली होती." त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ही व्हॅन नवी आहे. सोळा तारखेला ताब्यात आली. सतराला तिची पहिली फेरी याच कारखान्यावर. हा आकडा कुठल्याही दाखल्यावर नाही. म्हणजे या ओळी सतरा तारखेला मी काटा तपासला त्यानंतर, आणि अठराच्या संध्याकाळी संदीपनं फ्लॉपी भरली त्याआधी लिहिल्या गेल्या. आणि ज्यानं लिहिल्या, तो सतराला माझ्याजवळ उभा होता, नाहीतर उभं राहणाऱ्यानं त्याला सांगितलं."

"संदीप!" चेतन सर ओरडले.

"मी राहात्याला हुतो वो! जीप बंद पडली हुती. सही दुसऱ्या दिशी कागुद हितं आला तवा केली. दरसाल मीच करतो म्हनून..." संदीप घुटमळला. त्याची नजर सीमाताईंकडे गेली आणि परत आली.

"सांगायची गरज नाही," गर्जे म्हणाले. "या ऑफिसात मी आज पहिल्यांदा आलो. मला साखरेचा विकार आहे, दूध चालत नाही, हे मी इथं कोणाला सांगितलं नव्हतं. तरी माझ्यापुढे कोरा, बिनसाखरेचा चहा आला. सतरा तारखेला कारखान्यावर माझ्यासाठी तसाच चहा मागवणारी बाई मी सकाळीच ओळखली. त्यांनी ओळख दाखवली नाही, म्हणून मीही दाखवली नाही."

सीमाताई शांतपणे म्हणाल्या, "हो, मी गेले होते. संदीप अडकला म्हणून. तिथं गेले म्हणजे चोरी केली असं होतं का साहेब? व्हॅनचं वजन तुम्हीच कौतुकानं सांगितलंत. ते मी ऑफिसात येऊन सगळ्यांना सांगितलं असेन. प्रज्ञालाही. आणि पासवर्ड मला कुठं ठाऊक आहे?"

प्रज्ञानं चमकून वर पाहिलं.

६

गर्जे तिच्यासमोर स्टूल ओढून बसले.

"पोरी, तू हे केलेलं नाहीस हे मला पटलंय. ज्याच्या हातात कुणाचंही नाव घालायची चावी आहे, तो स्वतःचं नाव घालत नाही. पण मला पटून भागत नाही, अहवालात लिहावं लागतं. तो शब्द आणखी कोणाला ठाऊक आहे?"

प्रज्ञाला तो दिवस लख्ख आठवला. नवा पासवर्ड घालायला बसली तेव्हा सीमाताई पाठीमागून म्हणाल्या होत्या, "अगं, जुनाच ठेव. नवा कोण लक्षात ठेवतंय?" आणि तिनं ठेवला. नव्या कुलपाला जुनीच किल्ली. जुना सर्व्हर चार वर्षं सीमाताईंनी सांभाळला होता.

पण डिप्लोमा झाल्यावर अकरा ठिकाणी तिला आडनाव विचारून 'कळवतो' म्हणाले होते. बाराव्या ठिकाणी सीमाताई होत्या. चेतन सरांना त्यांनी तिच्यासमोरच सांगितलं होतं, 'हिला घ्या, नाहीतर मी चालले.' गेली दोन वर्षं त्यांचा डबा आणि तिचा डबा एकाच टेबलावर उघडत होता. त्यांची मुलगी जया प्रज्ञाला मावशी म्हणायची.

"कोणालाच नाही," प्रज्ञा म्हणाली.

"झालं मग!" चेतन सरांनी कपाखालचा माफीनामा ओढून तिच्यापुढे टाकला. "कर सही. सगळेच सुटू."

साडेतीन वाजले होते. प्रज्ञानं पेन उचललं आणि कागदाला टेकवलं. 'प्र' लिहिला. मग तिनं मान वर करून सीमाताईंकडे पाहिलं. सीमाताईही तिच्याकडेच बघत होत्या, तिच्या हातातल्या पेनाकडे. बघता बघता त्यांनी नजर काढून खिडकीबाहेर नेली.

प्रज्ञाला आतून काहीतरी तुटल्यासारखं झालं. राग नंतर आला. तिनं पेन खाली ठेवलं.

"साहेब, पाकीट उघडा. त्यात जयाचं नाव आहे आणि पुढे चार आकडे, शून्य सात एक शून्य. जया सीमाताईंची मुलगी. ती सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी जन्मली. जुन्या सर्व्हरला हाच शब्द होता, ताईंनी ठेवलेला. मी तो तसाच पुढे आणला."

लाख फुटली. कागदावर तेच होतं. चेतन सरांनी तो दोनदा वाचला आणि ते खुर्चीत मागे रेलले.

सीमाताईंनी फार वाद घातला नाही. त्यांचा नवरा त्याच कारखान्यात नऊ वर्षं हंगामी होता. हंगाम संपला की घरी. कारखान्यातल्या एकानं सांगितलं, एवढं करून द्या, ह्यांना कायम करतो. "गाडीमागं चाळीस-पन्नास किलो. ट्रॅक्टरला हातही लावला नाही मी. वाटलं, एवढ्यानं कोणाचं काय जातंय."

"ट्रॅक्टरवाले भांडतात, म्हणून लावला नाहीत," गर्जे म्हणाले. आता त्यांची सरकारी बोली सुटली होती. "पन्नास किलो म्हंजी दोन मोळ्या, बाई. माझी आई रंगुबाई, एक मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं गाडीत चढायची. पोटात मी हुतो तवाबी. त्या दोन मोळ्या कुनी मोजल्याच न्हाईत, असं तुमी लिव्हलं."

सीमाताईंनी तोंडाला पदर लावला.

गर्ज्यांनी माफीनामा उचलला, त्यावरचं अर्धं नाव पाहिलं आणि कागद आपल्या फायलीत ठेवला. "सर्व्हरवरचं काही पुसायचं नाही, पुरावा आहे. शटर उघडा. ही पोर जाईल."

चेतन सरांनी किल्ली संदीपकडे फेकली. प्रज्ञा पर्स घ्यायला गेली तेव्हा सीमाताईंनी तिचं मनगट धरलं.

"प्रज्ञा, तू सही पुरी केली असतीस ना, तर मी बोलले असते गं. खरंच बोलले असते."

प्रज्ञाला ते खरं मानायची फार इच्छा होती.

"ताई, एक अक्षर लिहून मी थांबले होते," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच थांबले होते."

सीमाताईंचा हात आपोआप सुटला. प्रज्ञा जिना उतरायला लागली आणि अर्ध्यात तिला रडू कोसळलं. स्टँड गाठायला वेळ होता, आई भेटणार होती, नावावरचा डाग निघाला होता. पण या ऑफिसात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते वर राहिलं होतं.